बायकांच्या गोष्टींची बैठक: सुरू कशी करायची, ऐकायचं कसं, जपायचं कसं

बचत गटाची बैठक संपते. हप्ते जमा झालेले असतात, वहीत सह्या-अंगठे झालेले असतात, आणि बायका पदर सावरत उठता उठता चार वाक्यं बोलून जातात. कुणाच्या दिराने वारस नोंदीत तिचं नाव लागू दिलं नाही. कुणाची लेक बाळंतपणाला आली ती परत सासरी जायला तयार नाही. कुणाच्या ऊसतोडीच्या आगाऊ उचलीतून मुकादमाने खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीचे, पैसे कापले. ही वाक्यं वहीत येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढायचा, नीट ऐकायचं, आणि बाईची इच्छा असेल तर ते नोंदवून ठेवायचं, हे कसं करावं ते इथे सविस्तर लिहिते आहे. गटाच्या अध्यक्ष-सचिव, आशाताई, अंगणवाडी सेविका, सीआरपी ताई (बचत गटांना मदत करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्ती), संस्थांच्या कार्यकर्त्या, कॉलेजातल्या मुली, कुणालाही हे करता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही. धीर लागतो.

सगळ्यात आधी एक ठरवून टाका. गोष्ट सांगणारीची असते. बैठक घेणारीची नाही, गटाची नाही, संस्थेची तर नाहीच. पुढे कुठेही अडलात, की तिला विचारायचं आणि ती म्हणेल तसं करायचं.

कोण, कुठे, कधी

आठ ते बारा जणी पुरे. त्याहून जास्त झाल्या की बोलणाऱ्या दोघी-तिघीच बोलतात आणि बाकीच्या सभेला आल्यासारख्या बसून राहतात. सासू-सून आणि जावा-जावा एका बैठकीत घेऊ नका. एकीचं बोलणं दुसरीच्या घरातलं असतं, त्यामुळे दोघीही गप्प बसतात. सासवांची बैठक वेगळी जरूर घ्या. आज ज्यांच्याविषयी सुना बोलतात त्यांनीही कधीतरी कुणाच्या तरी हाताखाली दिवस काढलेत, आणि ते ऐकायला त्यांच्याकडे कुणीच आलेलं नसतं.

जातीचा प्रश्न टाळता येत नाही, टाळूही नका. गावात गट बहुतेक वेळा वस्तीप्रमाणे, म्हणजे जातीप्रमाणेच झालेले असतात. सुरुवातीचे काही महिने एका वस्तीतल्या बायकांनी आपसात बसणं मला योग्य वाटतं, विशेषतः दलित, भटक्या आणि आदिवासी वस्त्यांमध्ये. ज्यांच्या शेतात मजुरीला जायचं त्यांच्याच घरच्या बाईसमोर मजुरीची गोष्ट कोण सांगणार? पुढे मिश्र बैठक घ्याल तेव्हा सगळ्या एकाच सतरंजीवर बसतील हे बघा. पाटलीणबाईंसाठी खुर्ची मागवू नका. चहा कुणाच्या घरून येतो आणि तो कोण कोण पितं, याकडे लक्ष असू द्या. एखादी ‘मला चहा चालत नाही’ म्हणाली आणि तुम्हाला कारण कळलं, तर त्या बैठकीत काय सांगितलं जाईल आणि काय नाही, हेही तुम्हाला कळलेलं असतं.

जागा देवळाचा सभामंडप नको. पाळी चालू असलेली बाई येणार नाही, मुस्लिम बाई संकोचेल, आणि काही गावांत दलित बायका आजही पायरीशीच थांबतात. दुपारी रिकामी झालेली अंगणवाडी, शाळेची एखादी खोली, समाजमंदिर, यांतलं काही बघा. दार लोटून घेता आलं पाहिजे आणि जवळपास संडास असला पाहिजे. लहान मुलांसाठी शेजारच्या ओसरीवर एखादी मोठी मुलगी किंवा आजी बसवा. चार वर्षांचं पोर घरी जाऊन सगळं बोलून टाकतं.

वेळ बायकांना विचारून ठरवा. बहुतेक ठिकाणी दुपारी दोन ते चार बरी पडते, पण नळाला पाणी कधी येतं ते आधी विचारा. पेरणी, खुरपणी, काढणीच्या दिवसांत हट्ट धरू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या भागात दिवाळीच्या आसपास वस्त्या रिकाम्या होतात आणि उन्हाळ्यातच भरतात, म्हणून तिथलं काम उन्हाळा-पावसाळ्यात करा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून अशी बैठक घ्यायची पद्धत पडली आहे, कारण बायका आयत्या जमतात. मी त्याच्या विरोधात आहे. हळदीकुंकवाला विधवा येत नाही, आली तरी कोपऱ्यात बसते, आणि टाकलेली बाई निमंत्रणाची वाटच बघत नाही. ज्यांना सर्वांत जास्त सांगायचं असतं त्यांनाच आपण पहिल्या दिवशी वगळतो. निमित्त हवंच असेल तर ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती घ्या, ८ मार्च घ्या, १४ एप्रिल घ्या.

पहिल्या दिवशीचे नियम

नियम कागदावर लिहून भिंतीला लावू नका. तोंडी सांगा, आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला पुन्हा सांगा, कारण दर वेळी एखादी नवीन असते.

इथलं इथेच राहील. दुसरीची गोष्ट बाहेर सांगायची नाही, नवऱ्यालाही नाही, बहिणीलाही नाही. स्वतःची गोष्ट हवी तिथे सांगायला प्रत्येक जण मोकळी आहे.

बोलायचं नसेल तर नुसतं बसायचं. ‘आता तुझी पाळी’ असं कुणी म्हणायचं नाही.

मधे बोलायचं नाही, आणि सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. हे सर्वांत अवघड जातं. ‘तू तेव्हाच माहेरी निघून यायचं होतंस’ या एका वाक्याने बाई मिटते, कारण माहेरची दारं तिला कशी बंद होती हे सांगायचं तिचं अजून राहिलेलं असतं.

फोन पिशवीत. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, गटाच्या व्हॉट्सॲपवर ‘आजची बैठक’ म्हणून काहीही नाही. सुरुवातीच्या बैठकांत नोंदवहीसुद्धा काढू नका. हातात पेन दिसलं की बायकांना सरकारी माणूस आठवतो.

आणखी एक सांगावं लागतं, आणि ते आधीच सांगावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होऊ शकतो असं समजलं, तर ते पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने आपल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेवढ्या बाबतीत ‘इथलं इथेच’ हा शब्द पाळता येणार नाही. बाईने विश्वासाने सांगितल्यावर तिला हे कळलं, तर तिला फसवल्यासारखं होतं. म्हणून नियमांतच सांगा.

पहिला प्रश्न

‘तुमच्या आयुष्यातलं दुःख सांगा’ किंवा ‘तुमचा संघर्ष सांगा’ असं कधीच विचारू नका. त्यावर बाई एक तर रडते किंवा सरपंचासारखं भाषण करते. वस्तू, जागा, काम यांच्याबद्दल विचारा. दुःख त्यातून आपोआप येतं, आणि हसूही येतं.

मला सर्वांत फळाला आलेला प्रश्न नावाचा आहे. लग्नानंतर तुमचं नाव बदललं का? कुणी ठरवलं? आपल्याकडे ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो. त्या ताटाबद्दल विचारा. कुणाला ते नाव ताटातच पहिल्यांदा वाचायला मिळालेलं असतं. कुणाला वाचता येत नव्हतं म्हणून नणंदेने मोठ्याने वाचून दाखवलं. कुणाचं नाव केवळ जावेचं नाव तेच होतं म्हणून बदललं. मग हळूहळू कळतं की शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि बँकेत त्यामुळे खातं अडलं. तांदळाच्या ताटावरून बोलणं सरळ बँकेच्या खिडकीपर्यंत जातं, आणि एकीचं ऐकून दुसरीला आपलं आठवतं. म्हाताऱ्या बायका माहेरचं नाव मोठ्याने उच्चारतात तेव्हा खोलीत जे होतं, ते शब्दांत सांगणं मला जमत नाही.

असेच आणखी प्रश्न:

– स्वतःच्या हातात आलेले पहिले पैसे किती होते, आणि ते कुठे गेले?
– घरात तुम्ही जेवायला कुठे बसता, आणि कितव्या?
– पहिली पाळी आली तेव्हा कुणाला सांगितलं?
– एकटीने एसटीत बसून पहिल्यांदा कुठे गेलात?
– घरातली कुठली गोष्ट तुमच्या मालकीची आहे, जी विकायला कुणाला विचारावं लागणार नाही?

शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा बराच वेळ कुणी उत्तर देत नाही. मग एखादी म्हणते, ‘शेळी.’ त्या शेळीवरून मालमत्तेची अख्खी चर्चा होते.

म्हाताऱ्या बायकांना ओव्या विचारा. जात्यावर बसून बाई जे गायची त्यात माहेर होतं, भाऊ होता, सासुरवास होता, रामाच्या सीतेचा वनवास होता, आणि त्यात स्वतःचंही सगळं सांगून व्हायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आणि आता त्या ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर ऐकता येतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं, ‘एक ग्रामीण महिला’ असं नाही. आपल्या कामातही हे लक्षात ठेवा: जिला नाव हवं आहे तिचं नाव पूर्ण आणि ठळक यायला हवं.

मराठी घरची भाषा नसेल तर तिच्या भाषेत बोलू द्या. गोरमाटी, पावरी, गोंडी, दखनी, जी असेल ती. दुभाषी म्हणून त्याच समाजातली बाई आणा. मुलगा किंवा जावई आणलात तर मुलाला आणि जावयाला सांगण्यासारखीच गोष्ट तुम्हाला मिळेल.

ऐकताना

बाई थांबली की आपणही थांबायचं. तो विराम भरून काढायची घाई होते, पण खरं वाक्य पुष्कळदा त्या विरामानंतर येतं. रडू आलं तर पाणी पुढे करा. ‘रडू नको’ म्हणू नका. पाठीवर हात ठेवावासा वाटेल, पण आधी विचारा. ज्या बाईने मार खाल्लाय तिला अचानक लागलेला हात दचकवतो. ‘का सहन केलंस?’ हा प्रश्न कायमचा टाकून द्या. त्याऐवजी ‘मग पुढे?’ किंवा ‘त्या वेळी तुझ्याबाजूने कोण होतं?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मोठं आहे. त्यातून शेजारीण येते, शाळेतल्या बाई येतात, कधी चुलत सासरा येतो. बाई तगली ती कुणाच्या आधाराने, हे कळतं, आणि आपल्या गावात असा आधार आज कोण देऊ शकेल याचा विचार गट करू लागतो.

बैठक जड गोष्टीवर सोडू नका. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. एखादं गाणं, भोंडल्याचा एखादा फेर, नुसत्या गप्पा. हलक्या मनाने घरी गेलेली बाई पुढच्या वेळी येते.

कुणी आत्ता चालू असलेली मारहाण सांगितली, तर बैठक संपल्यावर तिला एकटीला गाठा. आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का, एवढंच आधी विचारा. धोका असेल तर ११२ पोलिसांसाठी, १८१ महिला हेल्पलाइन, मुलांसाठी १०९८. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं, तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत आणि वकील यांची सोय एकत्र मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरातून बाहेर काढलं जाऊ नये असा आदेश मागता येतो. जीव द्यायची भाषा केली तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. हे सगळे नंबर आणि संरक्षण अधिकाऱ्याचा फोन पहिली बैठक घेण्याच्या आधी तुमच्याकडे असले पाहिजेत, लावून पाहिलेले असले पाहिजेत. आणि तिने ‘आत्ता काही करू नका’ म्हटलं तर, जिवाला तातडीचा धोका नसेल तिथे, थांबा. कधी पाऊल उचलायचं हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

नोंदवायचं असेल तर

सगळ्या गोष्टी नोंदवायच्या नसतात. बहुतेक तर नसतातच. पण काही बायकांना आपलं कुठेतरी लिहिलेलं असावं असं मनापासून वाटतं. तिथे संमती एकदाच घेऊन चालत नाही. ती चार टप्प्यांत विचारा: आवाज रेकॉर्ड करू का? लिहून काढू का? नाव बदलून इतरांना वाचायला देऊ का? तुमच्या नावाने, फोटोसह छापू का? पहिल्याला हो म्हणणारी चौथ्याला नाही म्हणू शकते. आणि छापायला जाईपर्यंत कधीही ‘आता नको’ म्हणता येतं, हे तिला दर वेळी सांगा. कागदावर अंगठा घेतलात तर त्या कागदावर काय लिहिलंय ते तिला तिच्या भरवशाच्या बाईकडून वाचून घेऊ द्या, तुम्ही स्वतः वाचू नका.

रेकॉर्डिंगसाठी साधा फोन चालतो. तो एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या कापडावर तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलावर नुसता ठेवलात तर बांगड्यांचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. दोन मिनिटं रेकॉर्ड करून तिलाच ऐकवा. आपला आवाज ऐकून बाई हसते, मोकळी होते. ती म्हणेल तेव्हा बंद करायचं. बंद केल्यानंतर बोललेलं नोंदीत घ्यायचं नाही, ते कितीही मोलाचं असलं तरी. फाइलला तिचं नाव देऊ नका, तारीख आणि एखादं खुणेचं अक्षर द्या. कुठलं अक्षर कुणाचं, ते वेगळ्या वहीत. फाइल व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, ‘फक्त मॅडमना’ म्हणूनही नाही.

घरातल्या वहीचाही विचार करा. बाईने स्वतः लिहिलेली वही घरात सुरक्षित राहील का? फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपलं आत्मकथन दुकानात बसून लिहिलं आणि घरच्यांपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ पुढे पुस्तक म्हणून आलं आणि भारतातल्या दलित स्त्रियांच्या सुरुवातीच्या आत्मकथनांत गणलं गेलं. आजही अनेक घरांत वही लपवावीच लागते. तशी गरज असेल तर वह्या गटाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली दोघींकडे द्या.

लिहून काढताना तिची भाषा

तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात, तेव्हा घाई करू नका. जसं बोलली तसं लिहा. ‘म्या इहिरीवर गेले व्हते, तवा सासू म्हनली, पानी आनलं न्हाई तर भाकर न्हाई’ हे वाक्य ‘मी विहिरीवर गेले असता सासूबाईंनी पाणी न आणल्यास जेवण मिळणार नाही असे सांगितले’ असं करून टाकणारे हात मी पाहिले आहेत, आणि ते सुशिक्षित, चांगल्या मनाचे हात असतात. त्या दुरुस्तीत सासूचा आवाज जातो, भाकर जाते, बाई जाते. लक्ष्मीबाई टिळकांपासून शांताबाई कांबळे यांच्यापर्यंत मराठीत बायकांनी लिहिलेलं जे टिकलं ते त्यांच्या बोलीमुळे टिकलं. शब्द कळणार नाही असं वाटलं तर पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ उमजेल अशी मांडणी करा, शब्द बदलू नका.

क्रमही तिचाच ठेवा. बायका जन्मापासून सुरुवात करत नाहीत. दुष्काळापासून करतात, पहिल्या मुलाच्या जाण्यापासून करतात. तारीख न सांगता ‘बाहत्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला गेलो तेव्हा’ असं सांगतात. ते तसंच राहू द्या.

नाव बदलणं गावात पुरेसं नसतं. ‘दोन वर्षांपूर्वी नवरा वारलेली, किराणा दुकान चालवणारी’ एवढ्यावर अख्ख्या तालुक्याला बाई ओळखता येते. दुकानाऐवजी शिलाई मशीन करा, मुलांची संख्या बदला, गावाचं नाव काढून जिल्हा ठेवा. काय बदलायचं हे तिच्याबरोबर बसून ठरवा. पण जात काढून टाकू नका, ती नको म्हणाली नसेल तर. जातीमुळे विहिरीवर अडवलेल्या बाईच्या गोष्टीतून जात काढली तर उरतं फक्त पाणी.

कायद्याचंही भान ठेवा. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. सज्ञान स्त्रीने स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. ही परवानगी घेण्याआधी तिला वकिलाशी बोलू द्या. मुलांच्या बाबतीत ओळख कधीच नको. आणि गोष्टीत नवरा, दीर, सरपंच, डॉक्टर यांची खरी नावं छापलीत तर बदनामीचा दावा फक्त तुमच्यावर नाही, तिच्यावरही येऊ शकतो. ‘दीर’ एवढं लिहिलं तरी गोष्ट पुरी कळते.

परत वाचून दाखवणं

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच विश्वास तुटतो. लिहून झालेलं तिला वाचून दाखवा, एकटीला, तिच्या सोयीच्या जागी. मुलगा शिकलेला आहे म्हणून त्याच्यासमोर नको. ती म्हणेल, ‘हे काढा.’ काढा. कारण विचारू नका. ती म्हणेल, ‘असं नव्हतं, मी उलट बोलले होते.’ बदला. पुष्कळ बायका या वेळी भर घालतात, कारण पहिल्यांदाच त्यांची गोष्ट त्यांच्याकडे बाहेरून आलेली असते.

एक प्रत तिला द्या, ती नको म्हणाली तर गटाच्या पेटीत तिच्या नावाच्या पाकिटात ठेवा.

यशोगाथांविषयी

संस्थांच्या अहवालांना आणि सरकारी पुस्तिकांना ‘यशोगाथा’ हव्या असतात. त्यांचा साचा ठरलेला: नवरा दारू प्यायचा, बाई गटात आली, पाच हजारांचं कर्ज घेतलं, शेवया-पापड सुरू केले, आज ती स्वावलंबी आहे, शेजारी हसरा फोटो. अशा गोष्टी खोट्या असतात असं नाही. पण त्यातून नवऱ्याला दारू विकणारा सुटतो, तिच्या नावावर जमीन का नाही हा प्रश्न बाजूला राहतो, आणि सगळा भार बाईच्या चिकाटीवर येऊन पडतो. चिकाटी तिच्यात होतीच. गटात येण्याआधीही होती, नाहीतर ती जिवंत राहिली नसती.

कार्यकर्त्यांवर वरून दबाव असतो हे मी जाणते. महिन्याला दोन ‘केस स्टडी’ पाठवायच्या असतात. तरीही या बैठकांतून आलेली गोष्ट त्या कामाला वापरू नका. अहवालासाठी वेगळी मुलाखत घ्या आणि ती अहवालासाठी आहे हे सांगून घ्या. फोटो लागला तर तिने निवडलेला पाठवा. देणगीदार पाहणीला आले आणि ‘एखाद्या बाईला बोलतं करा’ म्हणाले, तर नाही म्हणायची तयारी ठेवा. पाहुण्यांसमोर मार खाल्ल्याची गोष्ट चौथ्यांदा सांगणाऱ्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे.

एकीची गोष्ट सगळ्यांची मागणी होते तेव्हा

चार-सहा महिने बैठका झाल्या की काही धागे पुन्हा पुन्हा दिसू लागतात. आता सगळ्या मिळून एक बैठक फक्त यासाठी घ्या: ‘आपल्यापैकी अनेकींच्या बोलण्यात काय आलं?’ नावं घ्यायची नाहीत, फक्त बाब. मोठ्या कागदावर लिहा, किंवा लिहिता न येणाऱ्या जास्त असतील तर प्रत्येक बाबीसाठी एक वाटी ठेवा आणि ज्वारीचे दाणे टाकायला सांगा. ज्या वाटीत दाणे जास्त, तिथून सुरुवात.

असं घडलेलं महाराष्ट्राने पाहिलं आहे. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात तिच्या समाजातल्या बायकांच्या बाळंतपणाचे, डोक्यावर छप्पर नसताना पावसाथंडीत होणारे हाल आहेत. बाळंतिणीची वेदना तिने घरच्या भिंतीबाहेर काढून जातीच्या प्रश्नाशेजारी ठेवली. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन भरवलं. ते बघायला आलेल्या बायका तिथेच स्वतःचं बोलू लागल्या, आणि त्यातून नारी समता मंचाचं काम उभं राहिलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघरी जाऊन भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. ते १९८९ मध्ये आलं, आणि तोपर्यंत या बायकांची नोंद फारशी कुणी केलेली नव्हती.

बीडच्या ऊसतोड बायकांचं उदाहरण तर अगदी अलीकडचं आहे. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकाने खाडा केला की दंड, फडात ना संडास ना पाण्याची सोय, पाळीचा त्रास आणि पोटदुखी घेऊन खाजगी दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढून टाका’, म्हणजे गर्भाशय. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीच्या नशिबी आलं. बायका बोलू लागल्या, कार्यकर्त्या आणि पत्रकारांनी ते मांडलं, आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यात सर्वेक्षण झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं.

तुमच्या गावात बाब लहान असेल. सातबाऱ्यावर नाव, एकल बाईचं वेगळं रेशन कार्ड, समाजमंदिराजवळ दिवा, दारूचं दुकान. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे, पण पुष्कळ ठिकाणी ती कागदावर उरकतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, महिला सभा लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. महिला सभेत ठराव मांडून तो इतिवृत्तात लिहिला गेला का ते तिथेच वाचून बघा. ग्रामसभेत कोण बोलणार हे आदल्या दिवशी ठरवा. बोलणारीने स्वतःची गोष्ट सांगायची गरज नाही. ‘आमच्या वस्तीत एवढ्या विधवांची वारस नोंद अडलेली आहे’ असं बोलावं. आकडा बोलू शकतो तिथे बाईला उघडं पाडू नये. आणि ती बोलेल त्या दिवशी, तिच्याबरोबर घरापर्यंत दोघी-तिघींनी चालत जावं. पुढचे आठ-पंधरा दिवस येता-जाता तिच्या दारात डोकवावं. गावात उलट वार होतो तो सभेत होत नाही, नंतर होतो. पाणी बंद होतं, मजुरी बंद होते. त्याची तयारी गटाने आधी करून ठेवलेली असावी: कुणाच्या विहिरीवरून पाणी मिळेल, आठवडाभर धान्य कोण देईल.

शेवटी राहतं ते जपायचं कुठे

गट मोडतात, संस्थेचा प्रकल्प संपतो, फोन बदलतात. रेकॉर्डिंग आणि वह्यांचं काय होणार हे आधीच ठरवा आणि तसं बायकांना सांगा. ज्यांनी सार्वजनिक करायला संमती दिली आहे त्यांच्या प्रती तालुक्याच्या वाचनालयाला देता येतात. मुंबईत १९८८ पासून स्त्रियांचे आवाज, फोटो, कागदपत्रं जपणारी ‘स्पॅरो’ ही संस्था आहे. अशा ठिकाणी आपलं साहित्य घेतील का ते पत्र पाठवून विचारा. ज्यांनी संमती दिलेली नाही त्यांची फाइल पुसून टाका, आणि त्यांच्यासमोर पुसा. दोन पेन ड्राइव्हवर प्रत ठेवा, दोन वेगळ्या घरांत, आणि वर्षातून एकदा त्या उघडतात का ते बघा. खुणेच्या अक्षरांची वही तिसऱ्या घरात.